जात्याची पद्धत

अण्णांच्या तसबिरीला हार घालायला गेल्या महिन्यात मला ठाण्याहून कल्याणला मुद्दाम बोलावून नेलं. कन्याशाळेचा महोत्सव होता. मांडव, पताका, तक्तपोस, त्यावर मी. आणि माझ्यासमोर अण्णा, काचेत, पगडी-उपरण्यासह. एक विद्वान गृहस्थ उठले आणि सांगू लागले की, या गुरुवर्यांनी त्या अडाणी काळात मुलींना गणित शिकवण्याची 'जात्याची पद्धत' स्वतःच्या प्रतिभेनं शोधून काढली. मी म्हातारी बाई, गुडघे धरलेले, उठून जाण्याची सोय नाही. नाहीतर तिथल्या तिथे उठून गेले असते. माझा स्वभाव तिखट आहे असं घरातले म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना वडिलांविषयी गोडगोड वाचायचं असेल त्यांनी हे प्रकरण सोडून पुढं जावं.

आमचं घर पारनाक्याजवळच्या बोळात होतं. पुढं ओटी, तिच्यामागं माजघर, मधे अर्धवट लोटलेलं दार. मुलींची शाळा आमच्याच ओटीवर भरायची, कारण मुलींसाठी जागा द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. शाळेला मास्तर एकच, ते म्हणजे आमचे अण्णा. सकाळी चांगुणा नावाची एक आगरीण दारोदार फिरून मुली गोळा करून आणायची. ते तिचं कामच होतं. नवरा मिठागरावर गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ती एकटी होती आणि कोणाला भीत नव्हती. तिची हाक बोळाच्या टोकापासून ऐकू यायची, "चला गो पोरींनो, मास्तर वाट बघतान!" मग पाट्या सावरत, परकर आवरत, एकमेकींच्या वेण्या ओढत आम्ही ओटीवर येऊन बसायचो. मी तर घरातलीच. माजघरातून उठून ओटीवर बसलं की मुलगी संपून विद्यार्थिनी सुरू.

घरात आवाज दोनच. एक जात्याचा आणि दुसरा अण्णांच्या दम्याचा. आमच्याकडे तांदळाची भाकरी रोज लागायची, तेव्हा तांदूळही रोज दळायचे. आई जातं ओढायची ते माजघरात, त्या अर्धवट दाराला लागून, कारण उजेड तिथंच यायचा. अण्णांचा दमा पावसाळी हवेत बळावायचा. आमच्याकडची ओल तर भिंतीतून पाझरते. मिठाचं मडकं चुलीशी ठेवलं तरी पाणी सुटायचं. धोत्र्याच्या पानांची धुरी घेत अण्णा खुर्चीत बसायचे. ती धुरी, भिजवलेल्या वालांना मोड आल्याचा वास आणि पाट्या पुसायच्या ओल्या फडक्यांचा कुबट वास मिळून माझ्या लहानपणाचा वास होतो. आजही कुठं वाल सोलायला घेतले की माझ्या कानात घरघर सुरू होते. ती जात्याची की अण्णांच्या छातीची, ते कळत नाही.

त्या वर्षी अण्णांची छाती कायमची भरून आली. चार शब्द बोलले की पाचव्याला श्वास पुरायचा नाही. कोणीही म्हणेल, रजा घ्यावी, सरकार एवजी पाठवेल. पण एवजी म्हटलं की अण्णांना घाम फुटायचा. एका आजारी मास्तरांच्या जागी ते स्वतःच एवजी म्हणून कल्याणात आले होते. ते मास्तर बरे होऊन परत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर अण्णा पक्के बसलेले. त्या बिचाऱ्यांना मग पालघरकडे कुठंसं जावं लागलं. अण्णा हे विसरले नव्हते. "एवजी दारात आला," ते म्हणायचे, "की समज आपलं चंबूगबाळं आवरायची वेळ झाली."

तेव्हा एवजी दारातून आलाच नाही. तो घरातच होता, दाराआड.

सुरुवात कशी झाली ते मला नीट आठवतं. सोनारांची यमू दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, म्हणत होती आणि 'तीन दीड'ला अडली. अण्णांनी सांगायला तोंड उघडलं, तर खोकल्याची उबळ आली. थांबेचना. तेवढ्यात आतून, जात्याच्या घरघरीवर, आईचा आवाज आला, "तीन दीड साडेचार, चौक दीड सहा." तिनं शिकवायचं म्हणून नव्हतं म्हटलं. दळताना ती पाढेच म्हणायची. तिचे वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. मुलांना शिकवताना त्यांनी हिलाही पाटीवर बसवलं होतं. यमूनं तो धागा पकडला, तिच्यामागं आम्ही सगळ्यांनी. अण्णांनी खोकत खोकतच हातातली छडी दाराकडे वळवली आणि मानेनं खूण केली, चालू दे.

ते जे चालू झालं ते वर्षभर चाललं. पहिल्यांदा आई दाराआडून बोलायची आणि आम्ही ओटीवर दाराकडे तोंड करून बसायचो. मग धीट पोरी उंबऱ्यावर सरकल्या. दिवाळी उलटली तोवर सगळी शाळा माजघरात होती आणि ओटीवर एकटे अण्णा, रस्त्यावरून जाणाऱ्याला मास्तर दिसावेत म्हणून. आई भाकऱ्या थापता थापता वाचन घ्यायची. वाल सोलायला आम्हा सगळ्यांना बसवायची आणि सोललेल्या वालांवर भागाकार. पाढे मात्र जात्यावरच. समोरासमोर दोघी बसायच्या, खुंटा चार हातांत, एका फेऱ्याला एक आकडा. दहाचा आकडा आला की डाव्या हातानं जात्याच्या तोंडात मूठभर तांदूळ टाकायचे आणि पुढचा पाढा. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं असं दळून निघालं. चुकलं तर आई रागवायची नाही, फक्त खुंटा घट्ट धरून जातं थांबवायची. ते थांबलेलं जातं छडीपेक्षा वाईट वाटायचं.

आणि नुसतं एवढंच नाही. यमूच्या आजीनं तिला शाळेतून काढलं. शिकलेल्या पोरीला स्थळ येत नाही म्हणे. आई काही भांडायला गेली नाही. वाटीत बिरडं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी आणायला गेली. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला गेली. आजीबाईंच्या पायाला तेल लावून दिलं, त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि उठता उठता म्हणाली, "यमू नसली की माझं दळण राहतं हो. थोडा वेळ पाठवाल का?" दळायला म्हणून यमू परत आली ती परीक्षेपर्यंत राहिली. घरचं सगळं करून, दोन लेकरं सांभाळून, पोटात तिसरं असताना ही बाई पोरी टिकवण्यासाठी गावभर वाट्या फिरवत होती. तिला त्याबद्दल कोणी काय दिलं? काही नाही. बरं, तिला काही हवंही नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

परीक्षेला शाळाखात्याचे डिपुटीसाहेब यायचे होते. आठवडाभर आधीपासून घराची दैना. ओटी सारवली, माळ्यावरची सतरंजी उन्हात टाकली, अण्णांनी पगडी नीट बांधून घेतली. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा मुलींना ओटीवर बसवलं आणि धापा टाकत सांगितलं, "साहेबांपुढं... माजघराकडे... कोणी बघायचं नाही." आई आत पानं पुसत होती. परीक्षेनंतर पानसुपारीचा मोठा थाट असायचा, गावची प्रतिष्ठित मंडळी यायची. विडे आईनेच लावायचे होते. परीक्षेच्या सकाळी लवंग टोचताना ती मला हळूच म्हणाली, "घाबरू नकोस गं. मी आतच आहे." तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला हौस म्हणतात. तिनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दाराआड उभं राहायला.

डिपुटी माणूस चांगला होता, हे मुद्दाम सांगते. तो दुष्ट असता तर माझा राग वाटला गेला असता. हसतमुख, मिशा पिकलेल्या, मुलींशी बोलताना खाली वाकायचा. वाचन झालं, कविता झाल्या, मग म्हणाला, "बरं, आता सगळ्या मिळून दिडकी म्हणा पाहू."

आम्ही सुरू केलं. एक दीड दीड, बे दीड तीन. आणि ओटीवर बसलेल्या साऱ्या पोरींचे उजवे हात आपोआप गोल फिरू लागले. आम्हाला कळलंही नाही. पाढा म्हणायचा म्हणजे खुंटा ओढायचा, दुसरं आम्हाला येतच नव्हतं. हात फिरतायत, अंग पुढंमागं झुलतंय, आणि 'दाहे दीड पंधरा' म्हटल्याबरोबर सगळ्यांचे डावे हात एकदम पुढं होऊन सतरंजीवर नसलेले तांदूळ नसलेल्या जात्यात टाकते झाले. मंडळी खो खो हसली. एका सावकारांना तर ठसका लागला. यमू रडकुंडीला आली.

डिपुटी हसला नाही. तो खुर्चीत पुढं सरकला. "मास्तर, हे काय आहे? या मुली दळतायत की काय?"

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच पाहिजे, दुसरं सांगण्यासारखं होतंच काय! त्यांनी श्वास गोळा केला. "पद्धत आहे, रावसाहेब. मुलींना... घरकामातून गणित. मी... बसवली आहे."

"तुम्ही?" डिपुटी खूश झाला. "वा! हे तर आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

तेव्हा माझ्या तोंडून गेलं. धीट म्हणा, आगाऊ म्हणा. मी उभी राहिले आणि स्पष्ट म्हटलं, "आईनं शिकवलं. सगळं आईनंच शिकवलं."

मग डिपुटी वाकला, माझ्या गालाला हात लावला आणि मंडळींकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? किती गोड मुलगी. खरंच आहे बाळ, सगळं आपल्याला आधी आईच शिकवते." मंडळींनी माना डोलावल्या. कोणीतरी शाबास म्हटलं. मला पहिला खण मिळाला, हिरवा, जरीकाठी. मी खरं बोलले म्हणून नाही, गोड बोलले म्हणून. त्या वयात मला कळलं की खोटं न बोलताही माणसाला खोटं पाडता येतं, आणि तेही गालावर हात फिरवून.

पण खरा घाव पुढंच होता. पानसुपारीला सुरुवात झाली, गुलाबदाणी फिरली, आणि डिपुटी अण्णांना म्हणाला, "मास्तर, एक अडचण आहे. ठाण्याच्या मुलींच्या शाळेला आम्हाला बाई हवी आहे. लिहितावाचता येणारी, घरंदाज. पुण्याला पाठवून तयार करू, मग कायमची जागा देऊ. नवऱ्याची बदलीही ठाण्याला करून देऊ, त्याची काळजी नको. कल्याणात आहे का हो अशी कोणी बाई?"

दार अर्धवट उघडंच होतं. फटीतून विड्यांचं तबक पुढं आलेलं मला दिसत होतं आणि ते धरलेले आईचे हात. तबक तिथंच थांबलं. सगळ्या ओटीवर मी तेवढंच पाहत होते.

अण्णा म्हणाले, "नाही, रावसाहेब. आमच्या कल्याणात... अशी बाई नाही."

ते घाबरले होते, हे मला मान्य आहे. नुकतीच पद्धत स्वतःच्या नावावर घेतली होती, आता माघार घेतली तर भर मंडळींत फजिती. बायकोच्या जिवावर शाळा चालवली म्हणून गाव तोंडात शेण घालेल ते वेगळंच. मी म्हातारी झाले, माणसाची भीती मला समजते. पण समजते म्हणून मी माफ करावी असा कुठं कायदा आहे?

तबक बाहेर आलं. विडे वाटले गेले. आधी डिपुटीला, मग मामलेदारांना, मग सावकारांना, मानाप्रमाणे. डिपुटीनं विडा तोंडात घालून म्हटलं, "विडे झकास लागलेत हो!" अण्णा हसले. त्यांच्या खांद्यावर शाल पडली.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात चांगुणा भांडी घासायला बसली होती. ती ओटीच्या कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकून आली होती. अण्णा आत आले तसं तिनं भांडं खाली आदळलं. "मास्तर, कल्यानात अशी बाई नाय? मंग आमच्या पोरींना इतके दिस कोन शिकवत होता, भूत?" अण्णांनी खांद्यावरची शाल काढली. शाल घडी करून त्यांनी आईपुढं धरली, पेटीत ठेवायला. आईनं घेतली, पेटीत ठेवली, पेटी लावली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटतं, असतं तर पुढचं घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा नेहमीप्रमाणे मुली घेऊन आली. सगळ्या खुशीत होत्या, खणांच्या गप्पा चालल्या होत्या. ओटी ओलांडून त्या सरळ माजघराकडे निघाल्या तर दार बंद. कडी आतून. यमूनं दार वाजवलं. "काकू, आज सवायकी घ्यायची ना?"

आतून आईचा आवाज आला. चढा नाही, रागाचा नाही, पाढा म्हणायची तसाच.

"अशी बाई इथे नाही."

मी आत होते, तिच्याशेजारी. ती एकटीच जातं ओढत होती, तोंडानं काही न म्हणता. मी खुंट्याला हात लावला तर तिनं तो बाजूला केला. बाहेर अण्णांनी "अगं..." एवढं म्हटलं आणि खोकला सुरू झाला. मुली बराच वेळ दाराबाहेर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या आल्या. पुढं पुढं चांगुणा बोळातून एकटीच यायची, हाक न देता.

अण्णांचं काही बिघडलं नाही हो! डिपुटी त्यांना विसरला नाही. पद्धत काढणाऱ्या मास्तरांना ठाण्याला कचेरीत घेतलं, खुर्चीवर बसून बोलायचं कमी आणि मान हलवायची जास्त, अशा जागेवर. गावोगावचे मास्तर त्यांना भेटायला यायचे, पद्धत समजून घ्यायला. कल्याणला एवजी म्हणून कोण्या पोरसवद्या इसमाला पाठवलं, तो रिकाम्या ओटीवर झोपा काढायचा. शाळा बंद पडली ती पुष्कळ वर्षांनी पुन्हा उघडली. यमूचं लग्न लवकरच झालं. माझं शिक्षणही तिथंच संपलं. पुढचं सगळं मी मोठेपणी, लोकांच्या नाकावर टिच्चून, स्वतःच केलं. म्हणून आईवरही माझा राग आहे. दार लावलंस ते त्यांच्या तोंडावर लाव ना गं, आमच्या का लावलंस? हे तिला विचारायचं होतं. ठाण्याला आमच्या घरात जातं होतं, दळण होतं, पण पाढा म्हणून कधी कानावर पडला नाही. धाकट्या भावंडांना तिनं अंकसुद्धा शिकवले नाहीत. विचारलं तर म्हणायची, "तुमच्या वडलांना विचारा." ती गेली तरी माझं विचारायचं राहूनच गेलं.

तर त्या महोत्सवात मला दोन शब्द बोलायला उठवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले. अण्णांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "ही पद्धत यांची नव्हे. माझ्या आईनं शिकवलं. सगळं आईनंच शिकवलं. हे दाराबाहेर बसलेले असायचे." मग महोत्सवाचे अध्यक्ष गहिवरून उठले आणि म्हणाले, "केवढं हे मातृप्रेम! खरंच आहे, माता हीच आपली पहिली गुरू." टाळ्यांचा कडकडाट. जन्म गेला मधे, पण गालावरचा तो हात तसाच. मला नारळ दिला, खण दिला. हिरवाच.

परत निघताना एक तरुण शिक्षिका मला धरून पायऱ्या उतरवत होती. बारीक अंगाची, गंभीर. म्हणाली, "आजी, तुम्ही मघाशी म्हणालात ते तसंच घडलं होतं ना? दुसऱ्याच्या जागेवर शिकवलं तुमच्या आईनं?"

"तुला का असं वाटलं?"

"मी इथे एवजी आहे. ज्यांची जागा आहे त्या बाई बाळंतपणाहून परत आल्या की मी जाणार. आजच्या कवायती मी बसवल्या होत्या, पण..." मग म्हणाली, "नाव काय होतं हो तुमच्या आईचं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मांडवातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि मला तरी कुठं ते उच्चारायची सवय? अण्णा तिला 'अगं' म्हणायचे, मुली 'काकू', गाव 'मास्तरांचं कुटुंब', आणि मी 'आई'.

"जानकी," मी म्हटलं. तोंडाला ते परकं लागलं. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "जानकी." तसबिरीजवळ खुर्च्या उचलत असलेल्या गड्यानं वळून पाहिलं, आणि त्याला वाटलं, मी कोणाला तरी हाक मारतेय. तो म्हणाला, "आजी, त्या नावाची कोणी बाई नाही इथं."